घटस्फोटाचा कागद: तालुक्याच्या कोर्टातला अर्ज आणि जुन्या हुकूमनाम्याचा शोध

गावात मूल जन्मले की ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत चढते. मृत्यू चढतो, लग्नाचीही नोंद होते. घटस्फोटाची मात्र महाराष्ट्रात अशी कोणतीच नोंदवही नाही. ग्रामसेवकाकडे नाही, तहसील कार्यालयात नाही, पोलीस ठाण्यात तर नाहीच. त्यामुळे "ग्रामपंचायतीचा घटस्फोटाचा दाखला आणा" असे कुणी सांगितले, तर तसा दाखला कुठेच मिळणार नाही. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न मोडल्याचा पुरावा म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा (डिक्री). तो कोर्टातूनच निघतो आणि हरवला तर त्याची प्रमाणित नक्कलही कोर्टातूनच मिळते.

ग्रामीण भागात या विषयातल्या बहुतेक अडचणी हा कागद नसल्यामुळे येतात. नवरा-बायको वीस वर्षे वेगळी राहिलेली असतात, दोघांनी पुन्हा संसार थाटलेले असतात, सगळ्या गावाला ते माहीत असते. मग एकाचा मृत्यू होतो, सातबाऱ्यावर वारस लावायची वेळ येते आणि कायद्याच्या दृष्टीने पहिले लग्न अजून टिकून असल्याचे कळते.

स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी

दोन्हीकडची चार माणसे बसतात, देणे-घेणे ठरते, स्टॅम्प पेपरवर 'फारकतनामा' किंवा 'सोडचिठ्ठी' लिहिली जाते, नोटरीचा शिक्का बसतो. नोटरी काय करतो, तर सही करणारी माणसे समोर होती आणि त्यांनी सही केली एवढे प्रमाणित करतो. लग्न संपवण्याचा अधिकार त्याला नाही. सरपंचाला, तंटामुक्ती समितीला किंवा जात पंचायतीलाही नाही. जात पंचायतीने दंड लावला किंवा वाळीत टाकले, तर २०१६ च्या महाराष्ट्रातील सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तो गुन्हा ठरतो.

अशा कागदाच्या भरवशावर केलेले दुसरे लग्न हिंदू विवाह कायद्याच्या कलम ११ प्रमाणे मुळातच रद्दबातल असते, आणि पहिला जोडीदार जिवंत असताना दुसरे लग्न करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हा आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते. अशा लग्नातली मुले कलम १६ मुळे औरस मानली जातात, पण त्या बाईला पत्नी म्हणून पेन्शन किंवा वारसाहक्क मिळताना अडते. नुकसान बहुतेकदा तिचेच होते, म्हणून हे इतके स्पष्ट लिहावे लागते.

याला एक खरा अपवाद आहे. ज्या जातीत काडीमोडीची रूढी पूर्वापार आणि अखंड चालत आली आहे, तिथे कलम २९(२) ती रूढी मान्य करते. मात्र "आमच्यात असेच चालते" एवढे म्हणून भागत नाही. रूढी आहे असे म्हणणाऱ्यानेच ती साक्षी-पुराव्याने सिद्ध करायची असते. रूढीने काडीमोड झालेली असेल आणि पुढे कागद लागणार असेल, तर दिवाणी कोर्टात, आणि जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे त्याच्याकडे, काडीमोड झाल्याचे कोर्टाने जाहीर करावे असा (ठरावाचा) दावा करून हुकूमनामा घेऊन ठेवावा. तोही दोन्ही बाजूंचे वडीलधारे साक्षीदार हयात असताना.

आदिवासींची गोष्ट वेगळी आहे. कलम २(२) प्रमाणे केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागूच होत नाही. नंदुरबारमधला भिल्ल, पालघरमधला वारली किंवा गडचिरोलीतला गोंड यांच्या लग्नाला आणि काडीमोडीला त्यांच्या जमातीची रूढी लागू होते. त्यांच्या नावाने कलम १३ खाली सरधोपट अर्ज टाकला, तर समोरचा पक्ष पहिल्याच तारखेला हरकत घेऊ शकतो. वकिलाला जमात सुरुवातीलाच सांगावी.

बौद्ध, जैन आणि शीख यांना हिंदू विवाह कायदा, १९५५ हाच लागू आहे. नोंदणी पद्धतीने झालेल्या लग्नाला विशेष विवाह कायदा, १९५४; ख्रिस्ती जोडप्याला घटस्फोट कायदा, १८६९; मुस्लिम स्त्रीला कोर्टातून विवाह संपवायचा असेल तर १९३९ चा कायदा. एका दमात तीनदा तलाक म्हणणे २०१९ पासून गुन्हा आहे आणि त्याने लग्न संपत नाही. पुढचे विवेचन मुख्यतः हिंदू विवाह कायद्याबद्दल आहे, कारण तालुक्याच्या कोर्टात सर्वाधिक अर्ज त्याच कायद्याखाली येतात.

कोणते कोर्ट

तालुक्याला कोर्ट आहे म्हणजे घटस्फोटाचा अर्ज तिथे चालेलच असे नाही. लहान तालुक्यात बहुधा दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांचे कोर्ट असते. घटस्फोटाचा अर्ज दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतो, आणि ते कोर्ट शेजारच्या मोठ्या तालुक्याला किंवा जिल्ह्याला असू शकते. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा शहरांत कौटुंबिक न्यायालये आहेत. त्यांची हद्द सरकार अधिसूचनेने ठरवते. त्या हद्दीतला अर्ज कौटुंबिक न्यायालयातच करावा लागतो, हद्दीबाहेरच्या गावाचा वरिष्ठ स्तर कोर्टात. आपले गाव कुणाकडे येते हे कोर्टाच्या आवारातल्या ई-सेवा केंद्रात किंवा विधी सेवा समितीच्या कार्यालयात विचारले की समजते.

मग कोणत्या गावचे कोर्ट, हा प्रश्न येतो. कलम १९ प्रमाणे लग्न जिथे लागले, समोरचा पक्ष जिथे राहतो किंवा दोघे शेवटचे एकत्र जिथे नांदले, त्यापैकी कुठेही अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीने बायकोला आणखी एक जागा मिळाली: अर्ज करताना ती जिथे राहते तिथले कोर्ट. माहेरी परतलेल्या बाईने सासरच्या जिल्ह्यात खेटे घालायची गरज नाही. नवऱ्याने आधीच दूरच्या कोर्टात अर्ज टाकला असेल, तर तो आपल्याकडे वर्ग करून मागता येतो: एकाच जिल्ह्यातली दोन कोर्टे असतील तर जिल्हा न्यायाधीशांकडे, वेगळे जिल्हे असतील तर उच्च न्यायालयाकडे.

कागद आणि पैसा

विवाह नोंदणीचा दाखला असला तर उत्तम, पण नसला तरी अर्ज अडत नाही. नोंदणी नाही म्हणून लग्न अवैध ठरत नाही, हे कायद्याच्या कलम ८ मध्येच आहे. लग्नपत्रिका, सप्तपदीचे किंवा हार घालतानाचे फोटो, लग्नाला हजर असलेल्याचे प्रतिज्ञापत्र चालते. सोबत दोघांचे ओळखपत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले किंवा शाळेचा बोनाफाईड आणि मिळकतीचे कागद: सातबारा, आठ-अ, पगारपत्रक, बँकेचा उतारा, सोसायटीच्या कर्जाचा दाखला.

पोटगीचा प्रश्न असेल तर दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालात २०२० मध्ये त्याचे नमुने ठरवून दिले, आणि त्यात शेती करणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. खेड्यातल्या प्रकरणात तोच वापरायला हवा. पगारदाराचा नमुना भरून "उत्पन्न काही नाही" असे लिहिले जाते आणि बागायती जमीन, विहीर, दूध, ट्रॅक्टर यांतले काहीच कागदावर येत नाही.

स्त्रियांना घटस्फोट, पोटगी, हिंसा आणि मालमत्तेच्या वादात कोर्ट फी माफ आहे. महाराष्ट्र सरकारची तशी अधिसूचना १९९४ पासून आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्री, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही. बहुतेक इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांच्या आत असावे लागते. १५१०० या क्रमांकावरून प्राथमिक माहिती मिळते. मोफत वकील म्हणजे दुय्यम वकील, हा समज मनातून काढून टाकावा. त्याच कोर्टात रोज उभे राहणारे वकील या यादीवर असतात.

संमतीचा अर्ज

दोघे तयार असतील तर कलम १३ ब. अट अशी की अर्जाच्या आधी किमान एक वर्ष दोघे वेगळे राहत असावेत. वेगळे म्हणजे पती-पत्नी म्हणून नांदत नसणे. एकाच वाड्यात दोन चुली असल्या तरी ते वेगळे राहणे ठरू शकते, फक्त ते नीट मांडावे लागते. लग्नाला एक वर्ष व्हायच्या आत घटस्फोटाचा कोणताही अर्ज करता येत नाही. अपवादात्मक हालअपेष्टा असतील तर कलम १४ खाली आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते.

अर्ज दाखल झाल्यावर सहा महिने थांबायचे आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा कोर्टासमोर येऊन संमती कायम असल्याचे सांगायचे. नेमकी इथेच गफलत होते. पहिल्या दिवशी दोघांच्या सह्या होतात, पैसे दिले-घेतले जातात आणि दोघेही समजतात की झाले. दुसऱ्या टप्प्याला कुणी जात नाही, अर्ज निकाली काढला जातो आणि लग्न तसेच राहते. पहिल्या सहीने काहीही संपत नाही. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून ठरलेली सगळी रक्कम पहिल्याच दिवशी देऊ नये, आणि घेणाऱ्यानेही शेवटच्या हप्त्यासाठी नुसता तोंडी शब्द मानू नये. रकमेचा काही भाग अर्जाच्या वेळी आणि उरलेला दुसऱ्या टप्प्याला कोर्टासमोर डिमांड ड्राफ्टने, असे लिहून घ्यावे. रोख दिलेल्या रकमेवरून नंतर जितके वाद होतात तितके दुसऱ्या कशावरून होत नाहीत.

सहा महिन्यांची मुदत माफ होऊ शकते. २०१७ च्या 'अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर' निकालाप्रमाणे वेगळे राहण्याची मुदत अर्जापूर्वीच दीड वर्ष झालेली असेल, समेटाचे प्रयत्न संपलेले असतील, पोटगी आणि मुलांचा ताबा खरोखर मिटलेला असेल आणि थांबण्याने त्रासच वाढणार असेल, तर कोर्ट ती माफ करू शकते. पहिल्या टप्प्यानंतर आठवड्याने तसा अर्ज देता येतो. तो मंजूर करणे न्यायाधीशांच्या विवेकावर आहे, हक्काने मागता येत नाही.

तडजोडीत मुलांबद्दलचा मजकूर सर्वांत काळजीने लिहावा. ताबा कुणाकडे, भेट कोणत्या दिवशी आणि कुठे, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, शाळेची फी कोण भरणार. "मुलांसाठी काहीही मागणार नाही" असे आईकडून लिहून घेतले तरी मुलाचा पोटगीचा हक्क त्याने संपत नाही, कारण तो मुलाचा हक्क आहे. स्त्रीधनाची, विशेषतः दागिन्यांची, यादी वजनासह जोडावी.

पोलिसांत छळाचा गुन्हा नोंदलेला असेल (पूर्वीचे ४९८ अ, आता न्याय संहितेचे कलम ८५), तर तडजोड झाली म्हणून तो आपोआप संपत नाही. तो रद्द करून घ्यायला दोघांना उच्च न्यायालयात जावे लागते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला फिरते खंडपीठ सुरू झाले आहे. मुंबईची वारी त्यामुळे वाचते.

एकाची तयारी नसेल तेव्हा

कलम १३ मधली कारणे सिद्ध करावी लागतात. गावाकडच्या अर्जांत दोन कारणे पुन्हा पुन्हा येतात: क्रूरता, आणि सलग किमान दोन वर्षे सोडून राहणे. "संसार पुन्हा जुळणे अशक्य आहे" हे स्वतंत्र कारण कायद्यात नाही. त्या कारणावर लग्न संपवायचा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली आहे, हे २०२३ च्या घटनापीठाने स्पष्ट केले. वरिष्ठ स्तर कोर्ट त्यावर हुकूमनामा देऊ शकत नाही. म्हणून "आमचे पटत नाही" एवढ्यावर लिहिलेला अर्ज फेटाळला जातो. तारखा, घटना, त्या वेळी कोण हजर होते, दवाखान्याचा कागद, पोलीस ठाण्यातली अदखलपात्र नोंद हे सगळे अर्जात आधीच यायला हवे. जे अर्जात नाही त्याचा पुरावा पुढे देता येत नाही.

लग्न बालवयात लावले असेल तर रस्ता वेगळा आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात असे लग्न रद्द करून मागता येते, पण सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. मुलीने वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याआधी अर्ज करायला हवा.

अर्ज दाखल झाला की समन्स निघते आणि बेलीफ ते घेऊन जातो. प्रकरण सर्वांत जास्त इथेच रखडते. बीडकडची ऊसतोड करणारी कुटुंबे दिवाळीच्या आसपास घर सोडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्या काळात घराला कुलूप असते, बेलीफ "मिळून आले नाहीत" असा शेरा मारून परत येतो आणि पुढची तारीख पडते. समोरचा पक्ष कोणत्या कारखान्याच्या हद्दीत, कुणाच्या टोळीत आहे हे माहीत असेल तर तो पत्ताही द्यावा. शेवटी दाराला समन्स चिकटवून किंवा वर्तमानपत्रात जाहीर करून बजावणी होऊ शकते, पण त्याआधी नेहमीच्या मार्गाने बजावणी होत नाही याची कोर्टाला खात्री पटवावी लागते.

मुद्दाम चुकीचा पत्ता देऊन एकतर्फी हुकूमनामा घ्यायचा मोह काही जणांना होतो. तो हुकूमनामा फार कच्चा असतो. समन्स नीट बजावलेलेच नसेल तर हुकूमनामा कळल्या दिवसापासून ३० दिवसांत समोरचा पक्ष तो रद्द करून मागू शकतो. दरम्यान अर्जदाराने दुसरे लग्न केले असेल तर तेही अडचणीत येते.

आपल्याला समन्स आले तर ते घ्यावे. नाकारल्याने काहीच टळत नाही, उलट बजावणी झाली असे धरून एकतर्फी काम चालू शकते. कैफियत, म्हणजे अर्जाला लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते, आणि फार तर ९० दिवसांपर्यंत मुदत वाढवून मिळू शकते. हेच 'नांदायला यावे' म्हणून नवऱ्याने केलेल्या दाव्याबद्दल. त्याकडे अनेक बायका दुर्लक्ष करतात, कारण त्यात घटस्फोटाचा शब्दही नसतो. पण तो हुकूमनामा झाल्यावर वर्षभर दोघे एकत्र आले नाहीत, तर तेवढ्याच आधारावर कुणालाही घटस्फोट मागता येतो. का नांदायला जात नाही याची कारणे त्याच दाव्यात सांगावी लागतात.

काम चालू असताना खर्चासाठी कलम २४ खाली अंतरिम पोटगी मागता येते, आणि ती बायकोप्रमाणे नवऱ्यालाही मागता येते. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर आदेश व्हावा असे कायदा सांगतो. तालुक्याच्या फौजदारी कोर्टातली खावटी, म्हणजे दरमहा निर्वाहाची रक्कम (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४), हा वेगळा मार्ग आहे आणि तो घटस्फोटाशिवायही चालतो. आदेश होऊनही पैसे आले नाहीत तर प्रत्येक हप्ता देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज द्यावा. उशीर केला तर त्या महिन्यांसाठी वॉरंट काढता येत नाही.

जमिनीबद्दल एक गोष्ट फार थोड्या जणींना माहीत असते. नवरा हयात असताना त्याच्या शेतीत घटस्फोटित बायकोला आपोआप वाटा मिळत नाही. पण कलम २५ खाली ठरलेल्या कायम पोटगीसाठी कोर्ट त्याच्या स्थावर मिळकतीवर बोजा ठेवू शकते. अर्जातच तशी मागणी करावी, गट नंबर लिहावा आणि आदेश झाल्यावर त्याची नक्कल तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बोजा चढवून घ्यावा. तसे केले नाही आणि जमीन विकली गेली, तर पोटगीचा आदेश नुसता कागदावर राहतो.

निकालानंतरचे ९० दिवस

निकालपत्र आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद आहेत. निकालपत्रात कारणमीमांसा असते. हुकूमनामा एक-दोन पानांचा असतो, निकालानंतर साधारण पंधरा दिवसांत तयार व्हायला हवा, आणि पासपोर्ट कार्यालयापासून बँकेपर्यंत सगळ्यांना तोच लागतो. संमतीच्या प्रकरणात तडजोडीच्या अटी हुकूमनाम्याला जोडलेल्या आहेत ना, हे पाहून घ्यावे. कलम २३(४) प्रमाणे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना मोफत द्यायची आहे. ती मागून घ्यावी.

अपिलाची मुदत ९० दिवस आहे. वरिष्ठ स्तर कोर्टाच्या निकालावर अपील जिल्हा न्यायालयात जाते. ही मुदत संपेपर्यंत, आणि अपील झाले तर ते फेटाळले जाईपर्यंत, दुसरे लग्न करता येत नाही, असे कलम १५ सांगते. निकालाच्या दुसऱ्या आठवड्यात साखरपुडा करून लग्नाची तारीख धरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

जुना हुकूमनामा शोधताना

कागद हरवलेला असतो, पुरात भिजलेला असतो किंवा वकिलांकडेच राहिलेला असतो. संजय गांधी निराधार योजनेचा किंवा लाडकी बहीण योजनेचा अर्ज भरताना त्याची आठवण होते.

प्रकरणाचा क्रमांक आणि वर्ष हाताशी असेल तर निम्मे काम झाले. वरिष्ठ स्तर कोर्टात तो 'हिंदू विवाह अर्ज' किंवा बोलीत 'एचएमपी' अमुक क्रमांक, अमुक साल असा असतो. कौटुंबिक न्यायालयात एकतर्फी मागणीचा घटस्फोट 'पिटिशन ए' आणि संमतीचा 'पिटिशन एफ' या खाली येतो. क्रमांक नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर राज्य, जिल्हा आणि कोर्टाचे आवार निवडून पक्षकाराच्या नावाने शोधावे. तिथे प्रलंबित आणि निकाली असे पर्याय असतात. 'निकाली' निवडायचे राहून गेले की काहीच सापडत नाही. नाव इंग्रजीत टाकावे लागते आणि ज्याने नोंद केली त्याने स्पेलिंग कसे केले हे सांगता येत नाही, म्हणून पूर्ण नावाऐवजी आडनावाची पहिली चार-पाच अक्षरे टाकून वेगवेगळी साले पाहावीत. बायकोचे माहेरचे आडनाव, नवऱ्याचे नाव आणि वकिलाचे नाव असेही शोधून पाहावे. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो: पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, शेवटचे चार अंक सालाचे. तो एकदा मिळाला की लिहून ठेवावा.

वैवाहिक प्रकरणांत पक्षकारांची नावे बऱ्याचदा झाकलेली असतात आणि निकालपत्र संकेतस्थळावर टाकलेले नसते. हे काम बंद दाराआड चालवायचे आणि त्याचा मजकूर परवानगीशिवाय छापायचा नाही, असे कलम २२ सांगते. त्यामुळे नाव दिसले नाही म्हणजे प्रकरण झालेच नाही असे समजू नये. संगणक येण्यापूर्वी निकाली निघालेली प्रकरणे तर तिथे बहुधा नसतातच. त्यांच्यासाठी कोर्टात जाऊन त्या वर्षाच्या दाव्यांच्या नोंदवहीत शोध घ्यायचा अर्ज द्यावा लागतो.

कोणत्या कोर्टात शोधायचे हेही तपासावे. निकाली प्रकरणे काही काळाने तालुक्याच्या कोर्टातून जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात जातात. आणि जिल्हे फुटले आहेत. पालघर ठाण्यातून २०१४ मध्ये वेगळा झाला, हिंगोली परभणीतून आणि गोंदिया भंडाऱ्यातून १९९९ मध्ये, नंदुरबार धुळ्यातून आणि वाशीम अकोल्यातून १९९८ मध्ये, गडचिरोली चंद्रपुरातून आणि लातूर तेव्हाच्या उस्मानाबादेतून १९८२ मध्ये. महसुली जिल्हा झाला म्हणून त्याच दिवशी स्वतंत्र जिल्हा न्यायालय सुरू होते असे नाही. म्हणून जुना कागद आजच्या जिल्ह्यात सापडला नाही तर मूळ जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात विचारावे. प्रकरण एका कोर्टातून दुसऱ्यात वर्ग झाले असेल तर त्याला नवा क्रमांक पडलेला असतो. जुन्या क्रमांकासमोर तशी नोंद असते.

नक्कल मिळते ती कोर्टाच्या नक्कल विभागातून. अर्जात कोर्टाचे नाव, प्रकरणाचा प्रकार, क्रमांक, साल, दोन्ही पक्षांची नावे, निकालाची तारीख, कोणता कागद हवा आणि अर्जदार पक्षकार आहे की त्रयस्थ, एवढे लिहावे. "सर्व कागद" असे लिहू नये. पाने वाढतात, फी वाढते आणि वेळ जातो. तातडीची नक्कल जादा शुल्क भरून मिळते. मिळालेल्या नकलेवर अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते. हे शेरे पुसट असतील तर तिथेच नीट करून घ्यावेत, कारण नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळताना याच तारखा पाहिल्या जातात. दोन नकला घ्याव्यात. एक कार्यालयात कायमची अडकते.

निकालपत्र आणि हुकूमनामा कोर्ट दीर्घकाळ जपते, बाकीचे कागद ठराविक वर्षांनी नष्ट होतात. मूळ लग्नपत्रिका, फोटो, दागिन्यांच्या पावत्या दाखल केल्या असतील तर निकालानंतर, अपिलाची मुदत संपताच, अर्ज देऊन परत घ्याव्यात.

त्रयस्थाला नक्कल सहज मिळत नाही, प्रतिज्ञापत्रावर सबळ कारण द्यावे लागते. स्थळ आलेल्या मुलाचा किंवा मुलीचा आधीचा घटस्फोट खरा आहे का हे पाहायचे असेल, तर सरळ त्या माणसालाच प्रमाणित नक्कल दाखवायला सांगावे. झेरॉक्सवर समाधान मानू नये. नकलेवरचा क्रमांक ई-कोर्ट्सवर टाकून प्रकरण निकाली आहे का आणि जिल्हा न्यायालयात त्यावर अपील प्रलंबित नाही ना, एवढे तपासावे. यात संकोचण्यासारखे काही नाही. हुकूमनामा असलेल्याला तो दाखवायला अडचण नसते.

गोव्यात मात्र

सीमेपलीकडे व्यवस्था वेगळी आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो आणि घटस्फोटाला १९१० चा तिथला कायदा लागू आहे. लग्नाची नोंद नागरी निबंधकाकडे होते, आणि कोर्टाचा घटस्फोटाचा निकाल त्याच विवाहनोंदीवर शेरा म्हणून चढवला जातो. सावंतवाडी किंवा दोडामार्गकडच्या ज्यांचे लग्न गोव्यात नोंदले गेले आहे, त्यांनी निकालाची प्रमाणित नक्कल निबंधकाकडे देऊन हा शेरा चढला आहे का ते पाहावे, आणि शेऱ्यासह विवाहनोंदीचा नवा उतारा काढून घ्यावा.